फ्यूज बदलला, तरी पुन्हा उडायलाय!

वाचकांचे प्रश्न, मिस्त्रीची उत्तरं

या वेळच्या पत्रांत बॅटरी आणि मायलेज मागे पडलं, फ्यूजनं बाजी मारली. कारण उघड आहे. उन्हाळा आणि लग्नसराई एकदमच आली. गाड्यांना बाहेरून जादा दिवे लागले, आत दोन-दोन चार्जर लागले, आणि या सगळ्याचा भार पाच-दहा रुपयांच्या प्लास्टिकच्या तुकड्यावर. परभणीत वसमत रोडला माझं दुकान आहे. गिऱ्हाईक गाडीतून उतरता उतरताच विचारतं, "मिस्त्री, फ्यूज कामून उडायलाय?" आणि उत्तर ऐकायच्या आधी खिशातून नवा फ्यूज काढून म्हणतं, "तोवर हा बसवा." म्हणून यंदा जरा बैजवार लिहितो.

प्रश्न : मी शिक्षिका आहे, शाळेला स्वतः गाडी चालवत जाते. गेल्या आठवड्यापासून मोबाइल चार्ज करायचं सॉकेट बंद आहे, बाकी सगळं चालू. गॅरेजवाले म्हणतात, "ताई, दिवसभर गाडी सोडा, वायरिंग बघावी लागेल." फ्यूज असेल तर तो मला बदलता येईल का?
– एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : येईल की, ताई. दिवसभर गाडी सोडायचं तर कामच नाही.

आधी तोच चार्जर दुसऱ्या गाडीत लावून बघा. अर्धी पत्रं इथंच संपतात. चार्जर चांगला निघाला तर गाडीची चावी काढा आणि मोबाइलच्या टॉर्चनं सॉकेटच्या आत बघा. आमच्याकडं येणाऱ्या बंद सॉकेटांत एक रुपयाचं नाणं नाहीतर चॉकलेटची चांदी हमखास सापडते. सॉकेटच्या तळाला मधोमध जो ठिपका असतो तो प्लस, आणि बाजूची धातूची भिंत म्हणजे मायनस. नाणं आत आडवं पडलं की दोन्ही जोडले जातात आणि फ्यूज उडतो. ते काढायला लोखंडी चिमटा घालू नका. काही गाड्यांत चावी काढली तरी त्या ठिपक्याला करंट असतो. लाकडी काडी किंवा प्लास्टिकचं काहीतरी वापरा.

आता फ्यूजबॉक्स. बहुतेक गाड्यांत दोन असतात. एक बोनेटखाली बॅटरीच्या शेजारी काळ्या झाकणाचा, दुसरा आत स्टिअरिंगच्या खाली उजव्या हाताला. काही गाड्यांत आतला डबा डाव्या बाजूच्या कप्प्यामागे लपवलेला असतो, काहींत ड्रायव्हरचं दार उघडलं की डॅशबोर्डच्या कडेला झाकण दिसतं. सॉकेटचा फ्यूज बहुतेक वेळा आतल्या डब्यात. झाकण काढून उलटं करा, त्याच्या पोटावर नकाशा छापलेला असतो. नसेल तर गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात असतो. ते पुस्तक अजून प्लास्टिकच्या पिशवीतच असेल, आता उघडा. नकाशात 'सॉकेट', 'लायटर' किंवा 'सिग' असं काहीतरी इंग्रजीत लिहिलेलं, नाहीतर सिगारेटचं चित्र असतं.

काढायच्या आधी मोबाइलवर डब्याचा फोटो घ्या. चावी बंद, दिवे बंद. डब्यातच कुठंतरी पांढरा किंवा पिवळा प्लास्टिकचा छोटा चिमटा अडकवलेला असतो, त्यानं फ्यूज सरळ वर ओढा. पक्कड लावू नका, फ्यूजची काया चिरडते आणि एखादा पाय आतच राहतो. मग ते माझ्यासारख्याचं काम होऊन बसतं.

हातात आलेला फ्यूज उजेडाकडं धरा. पारदर्शक प्लास्टिकच्या आत दोन पायांना जोडणारी धातूची बारीक वळलेली पट्टी दिसते. ती मधे तुटलेली असली की फ्यूज उडाला. पट्टी नुसती मधे वितळून तुटली असेल तर भार थोडा जास्त झाला होता. आतलं प्लास्टिक काळं पडून धातूचे बारीक थेंब उडालेले असतील तर सरळ शॉर्ट झाला होता. आणि पट्टी शाबूत, पण एका पायाजवळचं प्लास्टिक तपकिरी होऊन वितळलेलं, असंही दिसतं. तो फ्यूज उडालेला नाही. त्याची बैठक सैल आहे, सैल जोड तापतो. तिथं नवा फ्यूज बसवून उपयोग नाही, बैठकच दुरुस्त करायला हवी.

फ्यूजच्या डोक्यावर आकडा असतो, आणि रंगही ठरलेला. ५ अँपियरचा बदामी, साडेसात तपकिरी, १० लाल, १५ निळा, २० पिवळा, २५ पांढरा पारदर्शक, ३० हिरवा. सॉकेटला साधारण १५ किंवा २० असतो, पण माझ्या सांगण्यावर जाऊ नका, झाकणावर जो आकडा आहे तोच. आकार पण तोच लागतो. मोठा, मिनी आणि आखूड पायांचा मिनी असे प्रकार आहेत, आणि रंग सगळ्यांचे सारखेच. म्हणून दुकानात जुना फ्यूज घेऊनच जा. नवा फ्यूज अंगठ्यानं शेजारच्यांच्या रेषेत येईपर्यंत दाबा. झालं.

एवढं करून टायरमध्ये हवा भरायचा छोटा पंप आणि चार्जर, दोन्ही एकाच सॉकेटवर लावणार असाल तर पुन्हा पत्र लिहावं लागेल. बऱ्याच सॉकेटांवर १२० वॅट लिहिलेलं असतं, म्हणजे १२ व्होल्टवर १० अँपियर. तो पंप एकटाच तेवढं ओढतो.

प्रश्न : माझ्या गाडीचे मागचे दिवे आणि मीटरचा उजेड जातो. फ्यूज बदलला की येतो, दोन दिवसांनी परत उडतो. गावातल्या पोरानं शेवटी लालच्या जागी हिरवा फ्यूज टाकून दिला. तेव्हापासून उडत नाही. पण तुमच्या सदरात मागं वाचलं की मोठा फ्यूज टाकू नये. मग काम झालं तरी कामून नको?
– एक शेतकरी वाचक, सेलू

उत्तर : हे वाचून झालं की आधी तो हिरवा फ्यूज काढा. संध्याकाळी नाही, आत्ता. मागचे दिवे बंद राहिले तर रात्री गाडी काढू नका, एवढंच नुकसान.

फ्यूज दिव्याला वाचवायला नसतो, वायरला वाचवायला असतो. मागच्या दिव्यांना जाणारी वायर बारीक असते, कारण तिला चार-पाच बल्बांचा करंट न्यायचा असतो. तिच्यासाठी १० अँपियरचा फ्यूज ठरवलाय. तो कसा वागतो बघा : १० च्या फ्यूजमधून ११ अँपियर गेले तर तो बराच वेळ तग धरतो, साडेतेरा गेले तर १० मिनिटांच्या आत जातो, आणि २० गेले तर ५ सेकंदांच्या आत जायलाच पाहिजे. हे अशा फ्यूजचं प्रमाण आहे. आता तुमच्या गाडीत ३० चा आहे. आत कुठंतरी वायर पत्र्याला घासून २०-२५ अँपियर खात असेल, तर फ्यूजला त्याची दादच नाही. तो करंट जातोय वायरच्या अंगातून, आणि ती वायर तुमच्या सीटखाली गालिच्याच्या पोटातून गेलीय. बोअरच्या मोटारीचा स्टार्टर काढून मोटार डायरेक्ट जोडल्यासारखंच हे, आणि मग तिचं काय होतं तेही तुम्हाला माहीत आहे.

आता खरं काम. फ्यूज कधी उडतो ते आधी बघा. चावी फिरवल्याबरोबर, का दिव्याचा खटका दाबल्यावर, का खड्ड्यात गाडी आदळली की, का डिकी लावल्यावर? गिऱ्हाईकानं एवढं नीट सांगितलं तर माझा अर्धा दिवस वाचतो. "असाच उडतो" म्हणणाऱ्याकडून मी मजुरी जास्त घेतो, खोटं कशाला बोलू.

दोन दिवस टिकून उडतो म्हणजे शॉर्ट कायमचा नाही, हलता आहे. अशा वेळी फ्यूजवर फ्यूज जाळत बसण्यात अर्थ नाही. आम्ही फ्यूजच्या जागी बल्ब लावतो. इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब होल्डरसकट घ्या, त्याच्या दोन वायरींना चपट्या क्लिपा लावा आणि फ्यूजच्या दोन खाचांत बसवा. बल्बमधून पावणेदोन अँपियरच्या वर करंट जातच नाही, त्यामुळं शॉर्ट कितीही असो, वायर तापत नाही.

आता त्या फ्यूजवरचे सगळे भार सोडवा. मागचे दोन्ही दिवे, नंबरप्लेटचा दिवा, पुढचे पार्किंगचे बल्ब, आणि तुम्ही नंतर लावलेली एलईडीची पट्टी किंवा मागचा कॅमेरा असेल तर तोही. मीटरचा उजेड सोडवता येत नाही, त्यामुळं आपला बल्ब अगदी मंद लालसर राहू शकतो. त्याला शॉर्ट समजू नका. दिव्याचा खटका चालू करा. बल्ब भरउजेडानं पेटला तर शॉर्ट या क्षणी हजर आहे. पेटला नाही तर एकाला बल्बकडं बघत बसवा आणि तुम्ही वायरिंग हलवत मागं मागं जा. जिथं हात लागला आणि बल्ब झपकन पेटला, तिथं थांबा.

तुमच्या गाडीत मी पहिल्यांदा डिकीच्या बिजागरीजवळ बघितलं असतं. तिथं बॉडीतून डिकीच्या दारात जाणारी वायरिंग घडीच्या रबरी नळीत असते. ती नळी एका बाजूनं काढून मागं सारा. रोज डिकी उघडून-लावून वायरी एकाच जागी वाकतात, उन्हानं त्यांची साल कडक होते आणि बरोबर वाकण्यावर आडवी चीर पडते. चिरेतून तांबं दिसतं, काळपट हिरवट झालेलं, आणि समोर पत्र्यावर सुईच्या टोकाएवढा जळका डाग. नंबरप्लेटच्या दिव्याची वायर तिथूनच जाते. ती डिकी लावताना पत्र्याला टेकते, नाहीतर खड्ड्यात.

दुसरी जागा सांगतो ती आपल्या भागातली. सोयाबीन, हरभरा, ज्वारी, काहीही असो, आपण कट्टा डिकीत टाकून मोंढ्यावर नेतो. चार दाणे सांडतात. रात्री गाडी गोठ्याशेजारी उभी. उंदीर दाण्याला येतो आणि दाणे संपले की वायर कुरतडतो. मागच्या सीटची गादी उचला. लेंड्या दिसल्या की तिथलीच वायर तपासा. उंदीर पळवायच्या फवाऱ्यांवर माझा फार विश्वास नाही. डिकी झाडून घ्या आणि कट्टा ट्रॉलीतून न्या.

वायर सापडली की नुसती चिकटपट्टी गुंडाळू नका. आपल्या मे महिन्यात बंद गाडीत पट्टीचा डिंक वितळून ओघळतो आणि पट्टी सुटून लोंबते. खराब तुकडा कापून तेवढ्याच जाडीची वायर जोडा, झाळा (सोल्डर करा) किंवा क्रिंप करा (धातूची छोटी नळी दाबून जोडा), वरून तापवून आवळणारी नळी बसवा. बिजागरीपाशी वायर थोडी सैल सोडा. मग लाल, १० चाच फ्यूज टाका.

प्रश्न : फ्यूज डोळ्यांनी तर चांगला दिसतो, तरी हॉर्न वाजत नाही. फ्यूज चांगला समजायचा का?
– एक वाचक, माजलगाव

उत्तर : डोळ्यावर विसंबू नका, पट्टीला केसाएवढी चीर असली तर दिसत नाही. टेस्ट लॅम्पचा (करंट आहे का ते दाखवणाऱ्या टोकदार दिव्याचा) चिमटा बॉडीच्या उघड्या धातूला लावा, टोक फ्यूजच्या डोक्यावरच्या दोन बारीक धातूच्या ठिपक्यांना आळीपाळीनं टेकवा. दोन्हीकडं पेटला तर फ्यूज चांगला, एकाच बाजूला पेटला तर उडालेला. कुठंच पेटला नाही तर चावी चालू करून परत बघा. फ्यूज चांगला निघाला तर हॉर्नचा रिले (बटण दाबलं की करंट जोडून देणारी छोटी डबी) त्याच डब्यातल्या, पाठीवर तोच नंबर छापलेल्या दुसऱ्या रिलेशी बदलून बघा. पिवळ्या कनेक्टरच्या वायरींना मात्र टेस्ट लॅम्प कधीच लावू नका, त्या एअरबॅगच्या असतात.

प्रश्न : मांजरसुंब्याच्या घाटात रात्री एका बाजूचा हेडलाइट गेला. जवळ फ्यूज नव्हता. ढाब्यावरच्या एकानं गुटख्याच्या पुडीची चांदी गुंडाळून चालू करून दिला. घरी आलो, पण तेव्हापासून धास्ती आहे. अशा वेळी काय करावं?
– एक वाचक, बीड

उत्तर : घरी आलात, बरं झालं. ती चांदी काढली का? पत्रात लिहिलेलं नाही.

चांदीला अँपियरचा आकडा नसतो, म्हणून ती नको. तुमच्या गाडीतच उसना फ्यूज होता. मागचा वायपर, रेडिओ, चार्जरचं सॉकेट, यांच्याशिवाय गाडी घरी येते. त्यातला त्याच आकड्याचा, नाहीतर कमी आकड्याचा फ्यूज काढून हेडलाइटला लावायचा. जास्त आकड्याचा नाही. डावा-उजवा दिवा बहुतेक गाड्यांत वेगवेगळ्या फ्यूजवर असतो आणि साधा बल्ब ५५ वॅटचा, म्हणजे पाच अँपियरच्या आतच. १५ च्या जागी १० चा लावला तरी घाट उतरून गाव येईपर्यंत टिकतो. इंजिन, ब्रेक, एअरबॅग, पंखा आणि डिझेल-पेट्रोलच्या पंपाच्या फ्यूजला उसनवारीसाठी हात लावायचा नाही.

दोन्ही दिवे एकदम गेले असते तर मी फ्यूजपेक्षा रिलेवर किंवा खटक्यावर संशय घेतला असता. आणि एक विचारतो : बल्ब कंपनीचाच आहे ना? घाटात उजेड जास्त पडावा म्हणून ९०-१०० वॅटचे बल्ब लावायची आपल्याकडं टूम आहे. तो बल्ब जवळजवळ दुप्पट करंट ओढतो, आणि फ्यूज तग धरला तरी मागचा होल्डर वितळतो.

प्रश्न : गंजगोलाईत गर्दीत गाडी थांबली की टेंपरेचरचा काटा वर चढतो, औसा रोडला मोकळ्यावर लागलो की खाली येतो. पाणी भरलेलं आहे. रेडिएटर खराब झाला का?
– एक वाचक, लातूर

उत्तर : रेडिएटर काढून विकायच्या आधी पंखा फिरतो का बघा. गाडी चालू असताना वाऱ्यानं रेडिएटर थंड होतो, थांबली की पंख्याची गरज लागते. तुमची लक्षणं अगदी तीच आहेत. इंजिन चालू करून एसी लावा, पंखा मिनिटभरात फिरायला पाहिजे. फिरला नाही तर बोनेटखालच्या डब्यात त्याचा ३० किंवा ४० अँपियरचा मोठा फ्यूज असतो, तो तपासा.

पण फ्यूज बदलायची घाई नको. बॅटरीचं मायनस काढा आणि इंजिन थंड असताना पंखा बोटानं फिरवून बघा. हलका फिरत नसेल, खरखरत असेल, तर मोटारीच्या बेअरिंगमध्ये धूळ गेलीय. अडकलेली मोटार जास्त करंट ओढते, नवा फ्यूजही तीच वाट धरतो. मोटारच बदला. मायनस न काढता पंख्याजवळ हात नेऊ नका, काही गाड्यांत चावी बंद असली तरी तापलेल्या इंजिनावर पंखा आपोआप सुरू होतो.

तोवर गर्दीत काटा चढलाच तर एसी बंद करा, हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर जोरात. आपल्या उन्हाळ्यात शिक्षा आहे, पण इंजिनाची उष्णता थोडी आत येते. सावली सापडली की इंजिन बंद. गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही.

प्रश्न : गाडीची बॅटरी उतरली होती. ट्रॅक्टरच्या बॅटरीवरून चालू करताना लाल-काळी वायर उलटी लागली. मोठी ठिणगी पडली. आता चावी फिरवली तर काहीच होत नाही, मीटरचे दिवेसुद्धा नाहीत.
– एक वाचक, कळमनुरी

उत्तर : बॅटरीच्या प्लसवर किंवा तिच्याजवळच्या डब्यात नटबोल्टनं आवळलेला मोठा फ्यूज असतो, ८०, १०० किंवा त्याहून जास्त अँपियरचा. तो गेलाय. त्याची पट्टी झाकणाच्या खिडकीतून तुटलेली दिसेल. हा तुम्ही बदलू नका आणि कुणी तांब्याची तार आवळून देतो म्हणाला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. इथं उघडा पाना प्लसवरून बॉडीला लागला तर पानाच वितळतो. इलेक्ट्रिशियननं आधी मायनस काढायचं, मगच तिकडं हात लावायचा.

नवा फ्यूज बसल्यावर काम संपलं असं समजू नका. इंजिन चालू असताना बॅटरीवर व्होल्ट मोजायचा मीटर लावून साधारण साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट येतात का बघायला सांगा. येत नसतील तर उलट्या करंटनं अल्टरनेटरचे, म्हणजे बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राचे, डायोड गेलेत.

पुढच्या वेळी क्रम असा. आधी लाल वायर उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, तिचं दुसरं टोक ट्रॅक्टरच्या प्लसला. मग काळी ट्रॅक्टरच्या मायनसला, आणि शेवटचं टोक गाडीच्या इंजिनाच्या धातूला, बॅटरीपासून लांब. ट्रॅक्टर बहुतेक १२ व्होल्टचे असतात, चालतात. ट्रक २४ चा असतो, त्याच्याकडं जाऊ नका.

प्रश्न : गाडीत फ्यूज ठेवायचे तर कुठले?
– एक वाचक, जिंतूर

उत्तर : तुमच्या गाडीच्या आकाराचे १०, १५ आणि २० चे दोन-दोन, साडेसात आणि ३० चा एकेक. सोबत छोटा टेस्ट लॅम्प. डबी ड्रायव्हरच्या दाराच्या कप्प्यात ठेवा, डिकीत नको. कित्येक गाड्यांत डिकीचा दिवा आतल्या दिव्यांच्याच फ्यूजवर असतो, आणि नेमका तोच उडालेला असतो.